नदीपलीकडची नोकरी

रघू घरात असताना आईशी कधी कन्नडात बोलला नव्हता. शाळेत, गल्लीत, तो कामाला होता त्या मोबाइलच्या दुकानात, सगळीकडं कन्नड. पण उंबरठ्याच्या आत पाय पडला की मराठी. ती मराठीही पुण्याकडच्या माणसाला जेमतेम कळावी अशी. निम्मे शब्द इथल्या मातीचे, निम्मे म्हैसूरच्या फौजेत चाकरीला आलेल्या पूर्वजांनी घोड्याच्या पाठीवरून आणलेले. पण होती घरची. आईशी भांडायचं झालं तरी रघू त्याच भाषेत भांडायचा.

म्हणून बँकॉकला गेल्यावर काही महिन्यांनी त्यानं फोनवर "अम्मा, चन्नागिद्दीया?" असं विचारलं, तेव्हा गिरिजाबाईंना कसंसंच झालं. बरी आहेस ना, एवढंच तर त्यानं विचारलं होतं. पण शेजारच्याच्या मुलानं वाटेत विचारावं तसं.

"रघ्या, असं काय बोलतोस? तुझी अव्वा आहे मी."

इथं सगळी कन्नड मुलं आहेत, सवय झाली, असं तो कन्नडातच म्हणाला आणि हसला.

ते हसणंही त्यांना आवडलं नाही. वाक्य संपायच्या आधीच तो हसत होता. दर रविवारी व्हिडिओवर दिसायचा तो एकाच पांढऱ्या भिंतीपुढं, एकाच खुर्चीत. गेला तेव्हा त्यानं काय काय दाखवलं होतं. काचेची उंच इमारत, गच्चीवरचा पोहण्याचा तलाव, रस्त्यावर काड्यांना टोचून विकायला ठेवलेली फळं. ग्राहकांच्या तक्रारींना कॉम्प्युटरवर उत्तरं द्यायची नोकरी, जेवण-राहणं कंपनीचं. आता खिडकीबाहेर काय आहे ते दाखव म्हटलं, तर तो म्हणायचा, पुढच्या वेळी.

गिरिजाबाई म्हैसूरच्या जयलक्ष्मीपुरममध्ये कॉलेजच्या मुलींच्या एका पीजीत स्वयंपाकाला जायच्या. नवरा, फत्तेसिंगराव, पोलिसांच्या राखीव दलात होते. ते वारल्यावर पेन्शनीत घर चाललं असतं, पण रिकामं बसणं त्यांना जमत नव्हतं. एका दुपारी त्या पीजीच्या मागच्या पायरीवर कोथिंबीर निवडत होत्या आणि फोन वाजला. नंबर अनोळखी, लांबलचक.

"अव्वा, बोलू नक्को. ऐक फक्त."

मराठी. त्यांना आनंद झाला, पण तो त्या एका वाक्यापुरताच टिकला.

"संडासात आहे. दुसऱ्याचा फोन आहे. हे बँकॉक नाही, अव्वा. विमानतळावरनं गाडीत घातलं, दिवसभर गाडी, मग होडी. नदीपलीकडं आणलं. चारी बाजूला भिंत, वर तारा. पासपोर्ट त्यांच्याकडं आहे."

"आणि काम?"

"लोकांना फसवायचं. पोरीच्या नावानं परदेशातल्या म्हाताऱ्यांशी गोड बोलायचं, त्यांचे पैसे काढायचे. कमी पडलं की मारतात. तुला फोन करतो तेव्हा समोर एक जण उभा असतो. कन्नडवाला. त्याला सगळं कळलं पाहिजे, म्हणून कन्नड."

"मी पोलिसात जाते. तुझ्या बाबांच्या ओळखीचे..."

"नक्को. एकाच्या घरचे गेले होते." पुढं त्या मुलाचं काय झालं ते त्यानं सांगितलं नाही. श्वास तेवढा ऐकू आला. "दोन माणसं आणून दिली की सोडतात. खरंच सोडतात, एकाला सोडलं. भुवनशी बोललोय मी. येतो म्हणतोय. तुला विचारायला येईल तो. तू काही सांगू नक्को. गप्प राहा, एवढंच कर माझ्यासाठी."

"रघ्या, आपला भुवन?"

"मला ठाऊक आहे गं कोण ते," तो म्हणाला, आणि फोन बंद झाला.

गिरिजाबाईंनी उरलेली कोथिंबीर निवडली, धुतली, चिरली. रात्रीच्या साराला फोडणी दिली. हात आपापलं काम करत राहिले. पैसे मागितले असते तर त्यांनी राहतं घर विकलं असतं आणि पीजीच्या स्वयंपाकघरात निजल्या असत्या. पण त्या लोकांना माणसं हवी होती.

घरी परतताना त्या बसमधून मधेच उतरल्या आणि पोलीस ठाण्याच्या फाटकापाशी जाऊन उभ्या राहिल्या. फत्तेसिंगराव असते तर सरळ आत शिरले असते. फाटकावरच्या शिपायानं विचारलं, काय काम आहे? गिरिजाबाईंच्या डोळ्यांपुढं ती पांढरी भिंत आली, आणि भिंतीपुढची रिकामी खुर्ची. त्यांनी विचारलं, बसचा स्टॉप कुठं आहे? शिपायानं हात करून दाखवला. त्या तिकडं चालू लागल्या.

भुवन त्याच आठवड्यात आला.

भुवन म्हणजे गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या शंभूरावांचा मुलगा. त्याची आई तो दूधपिता असतानाच गेली, आणि तेव्हापासून गिरिजाबाईंनी रघूबरोबर त्यालाही भरवलं. दोघं एका ताटात जेवले, एकाच सायकलवरून शाळेत गेले. आता तो हेब्बाळच्या एका कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली होता. दरवर्षी ठेकेदार त्याला काढून टाकायचा आणि थोड्या दिवसांनी परत घ्यायचा, म्हणजे कायम करायला नको. लग्न झालं होतं. बायको सुमा हुणसूरची, एका पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर बसायची.

तो स्वयंपाकघराच्या दारात, नेहमीच्या जागी, भिंतीला टेकून बसला.

"मावशी, रघूनं सांगितलं ना तुला? त्याच्याच कंपनीत जागा निघाल्यात. तिकीट तेच काढणार. सुमा तयार नाही. तू तिला सांगितलंस तर ऐकेल."

गिरिजाबाई चुलीकडं तोंड करून उभ्या होत्या. डोसा उलटायचा होता, तो त्यांनी उलटला.

"तुला काय वाटतं?" त्यानं विचारलं.

"रघू आहेच की तिथं," त्या म्हणाल्या.

ही गोष्ट खोटी नव्हती. पुढं कित्येक दिवस त्या स्वतःला हेच सांगत राहिल्या, की आपण खोटं बोललो नाही. भुवननं ते हो म्हणून घेतलं, डोसे खाल्ले, आणि जाताना वाकून त्यांच्या पायांना हात लावला. त्यांनी पाय मागं घेतले.

"काय झालं?"

"तेल सांडलंय खाली," त्या म्हणाल्या.

पुढचं सगळं भराभर झालं. भुवननं ठेकेदाराला येत नाही म्हणून कळवलं. मोटरसायकल विकली. गल्लीत बातमी पसरली आणि जो तो शंभूरावांना थांबवून विचारू लागला. शंभूराव एरवी अबोल माणूस, पण आता दारात खुर्ची टाकून बसायचे.

"आपले लोक इथं आले ते काय पोट भरलेलं होतं म्हणून आले?" ते गिरिजाबाईंना म्हणाले. "मुलूख सोडला, नदी ओलांडली, तेव्हा चार घरं उभी राहिली. घरात बसून कुणाचं भलं झालंय, वहिनी? रघूनं वाट दाखवली. तुमचे उपकार आहेत."

नदी हा शब्द ऐकून गिरिजाबाईंनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. त्या हूं म्हणाल्या आणि भाजी आणायची आहे असं सांगून पुढं गेल्या.

रविवारी रघूचा फोन आला. या वेळी त्याचा चेहरा भरलेला दिसत होता. केस कापलेले, शर्ट नवा. माणूस येतोय म्हटल्यावर त्याला पोटभर खायला घालत असावेत. "अम्मा, तो कधी निघतोय?" हे त्यानं आधी विचारलं, आणि मग, जेवलीस का. गिरिजाबाईंनी त्याचे भरलेले गाल पाहिले आणि त्यांना बरं वाटलं. बरं वाटलं म्हणून त्यांनी फोन ठेवल्यावर देवघरातला दिवा लावला नाही. त्या दिवशी देवापुढं उभं राहायचं धैर्य त्यांना झालं नाही.

सुमा आली ती दोन दिवसांनी, लॅबमधून परस्पर. खांद्याला पर्स, पायात चप्पल तशीच. बसली नाही.

"मावशी, मला तुम्हाला एक विचारायचंय. तुम्हालाच विचारते, कारण दुसऱ्या कुणाचं मला खरं वाटणार नाही."

"बस तरी."

"भुवनला टुरिस्ट व्हिसा काढायला सांगितलंय. नोकरीला जाणाऱ्याला टुरिस्ट व्हिसा कशाला? विचारलं तर रघूभावजी म्हणतात, तिथं गेल्यावर बदलून देतात. बरं. मग त्यांनी भुवनला मेसेजवर प्रश्न पाठवले. टायपिंग किती वेगानं येतं, इंग्रजी कसं आहे. तेही ठीक." सुमानं पदर घेतल्यासारखी ओढणी घट्ट धरली. "त्यात एक प्रश्न होता, तुमच्या घरात किंवा जवळच्यांत कुणी पोलिसात आहे का?"

गिरिजाबाई ओट्यावरचं भांडं पुसू लागल्या.

"रघूभावजींना माहीत नाही का? त्यांचे स्वतःचे बाबा पोलिसात होते. भुवनच्या घरात कोण काय करतं ते त्यांना लहानपणापासून पाठ आहे. मग हे विचारतंय कोण, मावशी?"

बाहेर गल्लीत कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती चालू होत नव्हती.

"भुवन म्हणतो, तो कंपनीचा फॉर्म आहे, सगळ्यांना तेच प्रश्न. असेल. पण तुम्ही आई आहात. आईला मुलाचा आवाज कळतो. तुम्ही सांगा, रघूभावजी तिथं बरे आहेत ना?"

"बरा आहे," गिरिजाबाई म्हणाल्या.

सुमानं त्यांच्याकडं जरा जास्तच वेळ पाहिलं. मग मान हलवली. "सरी," ती म्हणाली. "तुम्ही म्हणताय तर."

ती गेल्यावर गिरिजाबाई तिथंच जमिनीवर बसल्या. भुवनला नुसतं 'रघू आहेच की' म्हटलं होतं. ही मात्र तोंडावर विचारायला आली होती, आणि तिला त्यांनी सरळ खोटं सांगितलं होतं.

रात्री झोप नव्हती आणि दिवसा घास उतरत नव्हता. पीजीतल्या मुली विचारायच्या, आंटी, बरं नाही का? त्या पोरी आपापल्या आईशी फोनवर बोलत ताटं घेऊन जायच्या, आणि गिरिजाबाई त्यांच्या आवाजाकडं कान लावायच्या. हिशोब सुटत नव्हता. एका बाजूला रघू, पोटचा. दुसऱ्या बाजूला भुवन, आणि अजून कुणीतरी एक, ज्याचं तोंड त्यांनी पाहिलं नव्हतं. कधी वाटायचं, भुवन तगडा आहे, सोसेल. तोही पुढं दोघांना बोलावेल आणि सुटेल. मग ते दोघं. मग त्यांचे दोघे. इथवर आलं की त्या उठून भांडी घासायला लागायच्या, घासलेलीच.

निघण्याच्या आदल्या दिवशी रविवार होता. भुवन आणि सुमा दुपारी जेवायला आले. त्यांना बोलवावं लागलं. न बोलावणं गल्लीच्या रिवाजात बसलं नसतं. गिरिजाबाईंनी भुवनला आवडतं म्हणून वांग्याचं भरीत केलं, मटणाचं सार केलं. रघूसाठी डबा मागून घ्यायचा भुवननं हट्टच धरला होता, म्हणून कोडबळे तळले आणि चटणीपुडी कुटून पिशवीत बांधली. ती पिशवी कुणाच्या हाती पडणार आहे हे माहीत असून त्यांनी पुडीत लसूण जास्त घातला, रघूला लागतो तसा.

जेवणं चालली असतानाच गिरिजाबाईंचा फोन वाजला. भुवननं डाव्या हातानं उचलून तो तांब्याला टेकवून ठेवला. पडद्यावर रघू, मागं पांढरी भिंत.

"मगा, उद्या निघतोस ना?" रघू कन्नडात, लेका म्हणावं तसं, म्हणाला आणि हसला.

"उद्या. विमानतळाची बस सकाळची आहे. आणि ऐक," भुवनही कन्नडात म्हणाला, "सुमाचा भाऊ आहे ना हुणसूरचा, तोही येतो म्हणतोय. तंबाखूच्या भट्टीवर धूर खाऊन कंटाळलाय. त्याच्यासाठी जमेल का? महिन्याभरानं आला तरी चालेल."

सुमाचा हात ताटात थांबला. तिला हे नवीन होतं.

पडद्यावर रघूचे डोळे कॅमेऱ्यावरून क्षणभर बाजूला गेले, कुणाला तरी विचारल्यासारखे. मग परत आले.

"कळसु," तो म्हणाला. पाठव. "कळसु मगा, जमेल."

दोन माणसं पुरी झाली होती. एकाच घरातली. गिरिजाबाई वाढायला उभ्या होत्या, हातात साराची वाटी. त्यांनी सुमाकडं पाहिलं. सुमा भुवनकडं पाहत होती आणि तिचा चेहरा उतरत चालला होता. तरीही ती काही बोलत नव्हती, कारण 'बरा आहे' असं गिरिजाबाईंनी तिला सांगितलं होतं.

त्यांनी वाटी खाली ठेवली, तांब्याजवळ गेल्या आणि फोन हातात घेतला.

"रघ्या," त्या मराठीत म्हणाल्या.

"अम्मा, हेळु," तो म्हणाला. सांग.

"कन्नड नक्को. माझ्याशी आपल्या भाषेत बोल." त्यांचा आवाज कापत नव्हता, याचं त्यांनाच नवल वाटलं. त्यांनी फोन भुवनकडं वळवला, मग सुमाकडं, मग ताटांकडं, आणि परत स्वतःकडं. "बघितलास? तो माझ्या पंगतीला बसलाय. तुझ्या ताटात जेवत होता तोच आहे. याच्याकडं बघून सांग मला. याला पाठवू का?"

"मावशी, काय चाललंय?" भुवन म्हणाला.

पलीकडं कुणीतरी कन्नडात बोललं. ही काय म्हणतेय, असं काहीसं. रघूनं त्या दिशेला बघून काही नाही असा हात केला. मग तो हसायला गेला आणि ते हसू त्याला जमलं नाही. तो आईकडं पाहत राहिला. इतके महिने तो कॅमेऱ्याकडं पाहत होता. आज आईकडं पाहिलं.

"अव्वा, मी तुला काय सांगितलं होतं?"

"ठाऊक आहे मला. तरी विचारतेय. तू नाही म्हणालास तर तुझं काय होईल तेही ठाऊक आहे." त्यांनी फोन दोन्ही हातांनी धरला. "तू पाठव म्हणालास तर पाठवते. मी अडवणार नाही. पण तू तोंडानं सांग. मराठीत."

पुन्हा तो आवाज आला, या वेळी जवळून. रघूच्या खांद्यावर एक हात पडला.

"नक्को येऊ, भुवन्या," रघू म्हणाला.

मोठ्यानं नाही. लहानपणी कुक्करहळ्ळीच्या तळ्याकाठी भुवन पाण्यात पाय घालायला लागला की म्हणायचा, तसं.

मग पडदा हलला. छत दिसलं, ट्यूबलाइट दिसली, खुर्ची पडल्याचा आवाज झाला. रघूचा आवाज आला पण त्यात शब्द नव्हते. आणि फोन काळा झाला.

गिरिजाबाईंनी परत परत तो नंबर लावला. लागत नव्हता. मग त्यांनी सगळं सांगितलं. नदी, भिंत, तारा, दोन माणसं. पायरीवरचा तो फोन. त्या सांगत होत्या आणि भुवन त्यांच्याकडं असा पाहत होता जसं काही तो या घरात पहिल्यांदा आला आहे.

"तुला तेव्हापासून माहीत होतं?"

"होय."

"मी पाया पडलो तुझ्या."

"होय, भुवन."

सुमा उठली. तिनं हात धुतले, स्वतःचं आणि नवऱ्याचं ताट उचलून मोरीत ठेवलं, दोन्ही ताटांत निम्मं अन्न तसंच होतं. चप्पल घातली आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी, जेव्हा भुवन विमानतळाच्या बसमध्ये असायला हवा होता, तेव्हा तो आणि गिरिजाबाई पोलीस ठाण्यात बसले होते. रिक्षातून जाताना तो एक शब्द बोलला नाही, पण आला. तिथल्या अधिकाऱ्यानं नीट ऐकून घेतलं, तक्रार लिहून घेतली, मेसेज आणि नंबरांचे फोटो घेतले. असे आणखी अर्ज आलेत, तो म्हणाला. वर कळवतो, दूतावासाला कळवतो. नदीपलीकडं दुसरा देश लागतो, तिथं आपल्या सरकारचंच काय, त्यांच्या सरकारचंही चालत नाही, हे सांगताना तो गिरिजाबाईंकडं न बघता भुवनकडं बघत होता. नंतर दूतावासाचं उत्तर आलं, की प्रकरणात लक्ष घातलं आहे. त्यानंतर काही आलं नाही.

ठेकेदारानं भुवनच्या जागी दुसरा माणूस घेतला होता. भुवन भाड्याच्या स्कूटरवर पार्सलं पोचवायला लागला. शंभूरावांनी दारातली खुर्ची आत नेली. गल्लीत कुणी काही म्हणालं नाही, पण गिरिजाबाई नळावर गेल्या की बोलणं थांबायचं. त्यांना त्याचं वाईट वाटत नव्हतं. रविवार आला की त्या फोन समोर ठेवून बसायच्या आणि तो वाजत नव्हता. रघूनं नाही म्हणावं असंच त्यांना वाटत होतं का, की पाठव म्हणावं असं? विचारताना त्यांना स्वतःलाच माहीत नव्हतं. आता तर मुळीच सांगता आलं नसतं.

दसऱ्याचे दिवे शहरात लागले त्या सुमारास एका संध्याकाळी सुमा आली. त्या दिवसानंतर पहिल्यांदा. या वेळी चप्पल दाराबाहेर काढून आत आली आणि स्वयंपाकघराच्या दारात, भुवनच्या जागी बसली.

"मी तुम्हाला विचारलं होतं," ती म्हणाली.

"होय."

"तुम्ही बरा आहे म्हणालात."

"होय, सुमा."

"माझ्या भावाला तर तुम्ही पाहिलंसुद्धा नव्हतं." ती थांबली. "मी रोज ठरवायची की जाऊन तुम्हाला चार शब्द सुनवायचे. मग वाटायचं, भुवन त्या भिंतीमागं असता आणि मला कुणी म्हणालं असतं, की गप्प राहा फक्त, तर? ते मला ठरवता येईना. म्हणून येत नव्हते."

गिरिजाबाईंनी तिला चहा दिला. तिनं तो घेतला. त्यानंतर रविवारी दुपारी सुमा येऊन बसू लागली. कधी भाजी निवडायची, कधी मोबाइलवर काहीतरी बघत बसायची. फोनकडं दोघी पाहायच्या नाहीत.

आणि एका रविवारी तो वाजला. रघूच्याच नंबरावरून. व्हिडिओ नव्हता, नुसता आवाज, आणि आवाज रघूचा नव्हता.

"अम्मा, नमस्कारा." तरुण मुलगा, बोलणं मऊ, अदबीचं. शुद्ध कन्नड. गिरिजाबाईंनी तो आवाज ओळखला. रघूच्या शेजारी उभा राहायचा तोच. तो कन्नडात म्हणाला, की रघू कामात आहे, म्हणून मी फोन केला. कंपनीत जागा आहेत. तुमच्या घरात, शेजारात, कुणाला नोकरी हवी आहे का?

सुमानं फोन खेचून घ्यायला हात पुढं केला. गिरिजाबाईंनी मान हलवली.

"तुझं गाव कुठलं, बाळा?" त्यांनी कन्नडातच विचारलं.

तो अडखळला. मग तो म्हणाला, "मंड्याच्या बाजूला."

"आई आहे?"

"आहे."

"तिला फोन करतोस की नाही?"

पलीकडं कुणाची तरी पावलं लांब गेल्याचा आवाज आला. मग त्याचा आवाज एकदम खाली गेला, ओठ फोनला लावल्यासारखा. "रघू आहे. पायाला लागलंय. काठी घेऊन चालतो. विचारू नका." आणि लगेच, पहिल्यासारखा मोकळा, मोठा आवाज: "तर मग अम्मा, कुणी आहे का?"

गिरिजाबाईंनी डोळे मिटून घेतले होते. आहे. तो आहे.

"कुणी नाही," त्या म्हणाल्या.

"पुढच्या रविवारी विचारू?"

सुमा त्यांच्याकडं पाहत होती. तिला सगळं कन्नड कळत होतं, आणि न बोललेलंही कळत होतं.

"विचार," गिरिजाबाई म्हणाल्या. "उत्तर हेच मिळेल. पण विचार. आणि जेवत जा."

पुढच्या रविवारी त्यानं फोन केला आणि विचारलं. त्या नाही म्हणाल्या. घाईत, चोरून, तो एवढंच म्हणाला, की रघू काठी सोडून चालायला लागलाय. त्याच्या पुढच्या रविवारी त्या दोघी दुपारपासून बसल्या होत्या. सुमानं आणलेल्या शेंगा निवडून झाल्या, सोलून झाल्या. बाहेर अंधारलं, भुवन पार्सलं पोचवून परतला आणि सुमाला न्यायला येऊन दारात उभा राहिला.

"आला?" त्यानं विचारलं. या घरात तो इतक्या दिवसांत पहिल्यांदा काही बोलला होता.

सुमानं मानेनंच नाही म्हटलं. भुवन क्षणभर तसाच उभा राहिला, मग आत आला आणि भिंतीला टेकून बसला. फोन तिघांच्या मधे जमिनीवर पडलेला होता.